लाल शाईच्या दोन रेघा

२ फेब्रुवारी, सोमवार

सव्वीस दिवस उरले. मग शाळेची माझ्या तावडीतून सुटका! मुख्याध्यापकांना असं म्हणालो तर खो खो हसले. त्यांना वाटलं, विनोद केला.

नववीचा गणिताचा तास. चाळिसांपैकी बावीस जणांना अपूर्णांकांचा भागाकार येत नाही. उरलेल्या अठरा जणांना तो आपल्याला येतो असं वाटतं. एकाला फळ्यापाशी उभं केलं आणि तिथंच विसरलो. म्हणजे विसरलो नाही, विसरल्यासारखं केलं. पोरगा घंटा होईपर्यंत खडू धरून उभा होता.

दुपारी मुख्याध्यापकांनी दगडी पाटीचा मजकूर वाचायला दिला. मैदानाच्या कडेला नवी बैठी इमारत झाली आहे — कपडे बदलायच्या दोन खोल्या, चार शॉवर, पुढे पायऱ्यांची गॅलरी. तिला माझं नाव देणार. अठ्ठावीसला समारंभ. मजकूर असा : ‘विद्यापीठाकडून रग्बी आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ खेळलेले, पस्तीस वर्षं या मैदानावर उभे राहिलेले आमचे सर.’

मी म्हणालो, ‘आमचे सर’ काढा, लग्नाच्या आहेरावर लिहिल्यासारखं वाटतं. त्यांनी काढलं. खरं तर माझी नजर ‘दोन्ही’वर अडकली होती. तो शब्द काढायला सांगायचं धैर्य झालं नाही. आता तो दगडात जाईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

यादीचा दिवस.

माझी पद्धत सगळ्या शाळेला पाठ आहे. गुरुवारी अकराला प्रयोगशाळेबाहेरच्या काचेच्या फळ्यावर शनिवारच्या सामन्याची यादी. निळ्या शाईत अठरा नावं. मग सगळ्यांसमोर लाल पेन काढायचं आणि तीन नावं खोडायची. उरले पंधरा, ते खेळणार. मी डावरा, म्हणून माझ्या रेघा उजवीकडून निघतात आणि डावीकडे टोकाला आकड्यासारख्या वर वळतात. प्रत्येक नावावर दोन. मागे एका दीडशहाण्यानं माझी नक्कल करून मित्राचं नाव खोडलं होतं. उजव्या हातानं! तासाभरात पकडला.

शनिवारी वॉचमन हीच यादी हातात धरून पोरांना बसमध्ये चढवतो. वीस वर्षांपूर्वी मीच त्याला शिकवलं — लाल रेघ म्हणजे आत नाही. कुणाचा बाप आला तरी नाही. त्या बाबतीत माणूस पक्का.

आज तिसरं नाव ढापण्याचं खोडलं. जाड चष्म्याचा, अकरावीतला. सहा आठवडे पहाटे साडेपाचला मैदानावर येतोय. पहिलं नाव खोडलं तेव्हा त्यानं श्वास सोडला, दुसरं खोडलं तेव्हा चक्क हसला. तिसऱ्याला खालचा ओठ थरथरायला लागला. मला मजा वाटली. इथं खोटं कशाला लिहू?

शिट्टी बघत होती. ही आमची नवी खेळाची शिक्षिका, माझ्या जागी आलेली. वय सव्वीस. शिट्टी गळ्यात कायम, चहा पितानासुद्धा. म्हणाली, “सर, घ्यायचंच नसेल तर नाव लिहायचं कशाला?”

म्हटलं, “न लिहिलेलं नाव कुणाला दिसत नाही. खोडलेलं सगळ्यांना दिसतं.”

“मग?”

“मग काय? तेच.”

पोरं मागे मला खोडरबर म्हणतात. मूर्ख आहेत. खोडरबरानं नाव दिसेनासं होतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ढापण्या शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभा. “सर, माझं नाव का खोडलंत?”

पस्तीस वर्षांत हे विचारायला आलेला पहिला. म्हणालो, “खोडता येतं म्हणून.”

चष्मा काढून पुसला. “बरं सर,” म्हणाला. गेला. बाकीचे शिक्षक वह्यांत तोंडं खुपसून बसले होते.

९ फेब्रुवारी, सोमवार

शिट्टीच्या पोटात काही राहत नाही. समारंभाला माझ्या विद्यापीठाच्या संघातले जुने लोक बोलवायचे, मला थक्क करायचं, असा बेत होता. आज तिनं स्वतःच सांगून टाकला. कुठून तरी कप्तानाचा फोन मिळवलाय. रग्बी संघाचा कप्तान! छत्तीस वर्षांत आवाज ऐकला नाही त्याचा. “ते खूप हसले सर. म्हणाले, डावऱ्या अजून जिवंत आहे? येतो म्हणाले. स्वतः धरून आठ जणांची नावं दिलीत.”

आणि मग तिनं आठवं नाव वाचलं.

हातातला कप बशीत आपटला. चहा पँटवर सांडला. “भाजलं का सर?” म्हणून रुमाल घेऊन धावली. नाही म्हटलं. भाजलं होतं.

आठवं नाव सुतळीचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लिहून टाकतो. आजवर कुठं लिहिलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही.

क्रिकेटमध्ये मी खराच होतो. तीन वर्षं विद्यापीठाचा सलामीचा फलंदाज. चिवट, बघणाऱ्याला झोप आणणारा. त्यात कुणाची मेहरबानी नाही. रग्बीत मात्र राखीव. अख्खे हंगाम पाण्याच्या बाटल्या वाहिल्या. माझी जागा विंगची, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणाऱ्याची, आणि विंगवर सुतळी — माझा रूममेट. हातापायांच्या काड्या, म्हणून सुतळी. पण पळायला लागला की मागच्यांना फक्त त्याच्या बुटांचे तळवे दिसायचे.

शेवटचं वर्ष. या शाळेची जाहिरात आली : गणित आणि खेळ शिकवायला माणूस हवा, दोन खेळांत विद्यापीठाकडून खेळलेला. जाहिरात सुतळीनंच वाचनालयातल्या पेपरातून फाडून आणली. “डावऱ्या, ही तुझं माप घेऊन छापलीय बघ!” माझ्याकडे एकाच खेळाचं प्रमाणपत्र. दुसऱ्यासाठी एक तरी सामना खेळायला हवा, आणि हंगामाचा एकच शिल्लक, येत्या शनिवारी.

गुरुवारी सकाळी कप्तानानं यादी खानावळीच्या दाराला लावली. विंगवर सुतळी. मी नेहमीसारखा तळाशी. जेवणाला तासभर होता, तिथं चिटपाखरू नव्हतं. शिकवणीच्या पोरांच्या वह्या तपासायचं लाल पेन खिशात होतं. सुतळीच्या नावावर दोन रेघा ओढल्या, डावीकडे टोकाला वळलेल्या, शेजारी छापील अक्षरांत माझं नाव लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

जेवायला जाताना सुतळीनं यादी पाहिली. मी त्याच्या मागेच होतो. त्याची पाठ दिसत होती फक्त. मग वळला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “शनिवारी नीट पळ बरं.” संध्याकाळी पिशवी भरली. आईला बरं नाही, म्हणाला. गेला. कप्तानाशी भांडलासुद्धा नाही! भांडला असता तर मी उघडा पडलो असतो. नुसतं ‘माझं नाव का खोडलंस’ एवढं विचारायचं होतं.

दोन दिवस माझी बोबडी वळलेली. कप्तान ओरडेल, यादीला हात कुणी लावला! तो एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, सुतळी न सांगता पळाला म्हणून रागानं गप्प आहे.

शनिवारी मी खेळलो. चेंडू दोनदा माझ्याकडे आला. दोन्ही वेळा हातातून सुटला. सामना हरलो. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ही नोकरी, हे घर, हे सगळं.

परीक्षा सुतळीनं गावाकडच्या केंद्रावरून दिली. पुन्हा कधी रग्बी खेळला नाही, असं ऐकलं. बस डेपोत कारकून झाला. म्हणजे मी एका माणसाचे पाय कापले आणि त्याला तिकिटं मोजायला बसवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तीन नावं. रेघा सुरेख आल्या. हात अजिबात थरथरला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शिट्टीला सांगितलं, सुतळीला मीच पत्र लिहितो, माझा खास मित्र. तिचे डोळे भरून आले. लवकर भरून येतात तिचे, नळाचा वॉशर गेल्यासारखे.

अर्थात पत्र लिहिलेलं नाही.

घरी बायको म्हणाली, “अहो, इतक्या वर्षांत तुमच्या एकाही मित्राचं तोंड मी पाहिलेलं नाही. आता एकदम आठ?” मग म्हणाली, “ते कार्ड पाठवणारेही येणार का?”

तिला ते कार्ड अजून आठवतंय! नोकरी लागल्यावर सुतळीनं पाठवलं होतं. लग्नानंतर तिला जुन्या वह्यांत सापडलं. ‘दोन्ही टोप्या तुला शोभतात. मला फार बरं वाटलं.’ दोन्ही! विद्यापीठाची टोपी खेळागणिक मिळायची. मी ते वाचलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. कळलंय याला, आणि आयुष्यभर टोचत राहणार. उत्तर दिलं नाही. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, गेलो नाही. मुलगा झाल्याचं कळवलं, तेही पत्र फाडलं. मग त्यानं लिहिणं सोडलं. बरं झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या चिरंजीवांचा फोन. आईला. समारंभाला जमणार नाही, कामं आहेत. मी बाजूला उभा होतो. “बाबांना देऊ?” “नको.”

शाळेत असताना त्याचं नाव तीनदा खोडलं मी. तिन्ही वेळा तो संघातल्या पहिल्या पाचांत होता. लोकांनी म्हणू नये, स्वतःच्या पोराला घेतो. लोक काहीच म्हणाले नाहीत. तो म्हणाला होता, सोळाव्या वर्षी, जेवणाच्या टेबलावर : “बाबा, तुम्हांला ते करताना किती छान वाटतं, ते दिसतं.”

त्याला एक मुस्काटात दिली होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

अकराला फळ्याकडे गेलो तर यादी आधीच लागलेली! टाईप केलेली. पंधरा नावं. एकही रेघ नाही. अकरावं नाव ढापण्याचं. आणि शिट्टी शेजारी हाताची घडी घालून उभी.

काच सरकवून कागद काढला, चार तुकडे केले, तिच्या हातात दिले. पोरांसमोर. म्हणालो, “बाई, अठ्ठावीस तारखेपर्यंत हे मैदान माझं आहे. नंतर इथं भाजी लावा.”

तिनं तुकडे खिशात घातले. रडली नाही यावेळी. “सर, तुम्हांला कुणी खोडलं होतं का हो कधी?”

कुणी नाही. मला कुणीच कधी खोडलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाहुण्यांची यादी तपासायला आणली शिट्टीनं. मागच्या कार्यक्रमात बाहेरचेच लोक आत शिरून सगळा फराळ फस्त करून गेले, म्हणून यावेळी फाटकावर यादी बघूनच आत सोडायचं ठरलंय. बेचाळीस नावं. चौदावं सुतळीचं.

“तुमच्या पत्राचं उत्तर आलं का सर?”

मी लाल पेन काढलं. मग दोन रेघा ओढल्या आणि तोंडातून निघून गेलं, “गेला गं तो. दोन वर्षं झाली म्हणे. पत्र परत आलं.”

तिनं तोंडावर हात ठेवला. परवाचं सगळं विसरली बिचारी. “सर, कार्यक्रमात त्यांच्यासाठी एक मिनिट उभं राहू या?”

मग म्हणालो, त्याला असलं आवडायचं नाही. जिवंत माणसाच्या नावानं शेदीडशे लोक मान खाली घालून उभे, हे डोळ्यांसमोर आलं आणि भलत्याच वेळी हसू फुटायला लागलं. तिला वाटलं, हुंदका दाबतोय. माझ्या हातावर हात ठेवला. पुन्हा टाईप करत बसत नाही म्हणाली, तोच कागद वॉचमनला देते.

एकाच माणसाला दोनदा खोडलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं, हेही लिहून ठेवतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा तास. अपूर्णांकांचा भागाकार. अजून येत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

क्रमानं लिहितो. नाहीतर लिहिताच येणार नाही.

चारला समारंभ सुरू. पडदा ओढला. दगड चांगला आहे, अक्षरं खोल. ‘दोन्ही’ माझ्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत. टाळ्या. मुख्याध्यापक बोलले, दोनदा तेच बोलले. मग कप्तान उठला. टक्कल, पोट, काठी — पण आवाज तसाच, स्क्रमच्या रेटारेटीमागून ओरडायचा तो.

“पोरांनो, तुमच्या सरांची एक गोष्ट सांगतो. ती खुद्द यांनाही ठाऊक नाही. ज्यानं मला गप्प राहायला सांगितलं होतं, त्याची परवानगी घेतलीय, म्हणून सांगतो.”

पळून जावंसं वाटलं. पण पहिल्या रांगेतून कुठं पळणार?

“शेवटच्या सामन्याच्या आधी, बुधवारी, सराव झाल्यावर सुतळी माझ्याकडे आला. आमचा विंगचा खेळाडू, वाऱ्यासारखा पळायचा. म्हणाला, कप्तान, शनिवारी मला बसव, डावऱ्याला खेळव. नोकरीसाठी त्याला एक सामना पाहिजे. मी म्हटलं, वेडा आहेस का, आपण हरू! तर म्हणतो, हरू दे. सामना तू महिन्यात विसरशील, त्याची नोकरी जन्माची आहे. फक्त त्याला कळू देऊ नकोस. फार मानी आहे, कळलं तर मैदानात उतरायचा नाही. मी काही कबूल झालो नाही. गुरुवारी यादी लावली ती सुतळीच्या नावाचीच. आणि दुपारी बघतो तर काय — पठ्ठ्यानं आपल्या हातानं आपलं नाव खोडलेलं! शेजारी डावऱ्याचं लिहिलेलं! मग मीही यादीला हात लावला नाही. हरलो आम्ही. पण बघा, त्या सामन्यातून तुम्हांला हे सर मिळाले.”

टाळ्या थांबेनात. बायको माझ्याकडे बघत होती.

मी बसल्या जागी हिशेब मांडत होतो, गणिताचा मास्तर ना! कप्तानाला वाटलं, सुतळीनं खोडलं. सुतळीला वाटलं, कप्तान कबूल झाला आणि त्यानं खोडलं. म्हणून ती पाठीवरची थाप. म्हणून ते कार्ड. छत्तीस वर्षं दोघे एकमेकांना चांगले समजत राहिले, आणि मी त्यांच्यामध्ये लाल पेन घेऊन उभा. तो मला देतच होता. एक दिवस थांबलो असतो तर सुतळीनं कप्तानाला मनवलंच असतं, आणि ते माझ्या ओंजळीत पडलं असतं. मी चोरलं. आणि चोरल्याच्या भीतीनं त्या माणसाला आयुष्यातून हाकललं.

मग कप्तान डोळ्यांवर हात धरून गर्दीत बघायला लागला. “आहे कुठं तो? परवाच फोनवर बोललो. पत्र नाही आलं म्हणाला, पण पहिल्या बसनं निघतो. डावऱ्याला मिठी मारायची आहे म्हणाला!”

शिट्टी माइकच्या बाजूला उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही. गळ्यातली शिट्टी पाहिली. ती तिनं मुठीत घट्ट धरली होती.

सगळे चहाला गेल्यावर आली. “सर, ते गेले म्हणाला होतात.”

“मला तसं कळलं होतं.”

“कुणाकडून?”

मी चहा घ्यायला गेलो.

तो आला नाही. सहापर्यंत फाटकाकडे बघत होतो. बस बंद पडली असेल.

१ मार्च, रविवार

कप्तानानं दोनदा फोन लावला म्हणे त्याच्या घरी. घंटी वाजते, कुणी उचलत नाही.

बायकोनं ट्रंक उघडून ते कार्ड काढलं. चष्मा लावून वाचलं, मला वाचायला दिलं. ‘मला फार बरं वाटलं.’ म्हणाली, “अहो, यात टोमणा कुठं होता?”

मग तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा. शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही. संपल्यावर टरफलं गोळा करत म्हणाली, “म्हणजे आपल्या पोरानं भोगलं ते तुमच्या या भीतीपायी.” आणि आत गेली.

सुतळीला पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. कबुली द्यायची? माफी मागायची? मला हलकं वाटेल, पण त्याचं काय? डेपोतल्या खिडकीमागे आयुष्य गेलं त्याचं. पण त्याच्याजवळ ही एक गोष्ट आहे — की एकदा आपण मित्रासाठी आपली जागा सोडली, आणि त्याचं भलं झालं. मी खरं सांगितलं तर तीही जाईल. मग तो नुसता एक फसवला गेलेला माणूस.

म्हणून ठरवलं. कबुली नाही. नुसते आभार. ‘काल कळलं. उशिरा कळलं. तू दिलंस म्हणून मी आहे.’ त्याला त्याच्या देण्यासकट जगू दे. मी आजवर कुणासाठी काही सोडलं नाही. हे सोडतो. खोटंच आहे, पण यावेळी त्याच्या फायद्याचं.

पत्र पाकिटात घातलं. रडलो, तेही लिहितो. बरं वाटलं. उद्या टाकीन.

२ मार्च, सोमवार

माझ्या सामानाचं खोकं आणायला शाळेत गेलो. वॉचमननं उठून सलाम केला, खूश होता. “सर, परवा तुमचं नाव राखलं बघा! एक म्हातारे गृहस्थ आले होते, काडीसारखे. दुपारी दोनलाच, फुलं घेऊन. यादीत नाव होतं पण लाल रेघा. मी म्हटलं, आत नाही. मित्र आहे म्हणाले. म्हटलं, कुणी असा. मग म्हणाले, बघू कागद. बराच वेळ बघत बसले, त्या रेघांच्या वळलेल्या टोकांवरून बोट फिरवत. विचारलं, असं कोण खोडतं? म्हटलं, आमचे सर! डाव्या हातानं, पस्तीस वर्षं, सगळी शाळा ओळखते. मग गेले. कागदातली त्यांच्या नावाची ओळ तेवढी फाडून मागून घेतली. फुलं इथंच राहिली, स्टुलावर. चुकलं का सर माझं?”

नाही म्हटलं. तू बरोबर केलंस.